सांधा जोडायचा की बदलायचा? स्वतःच्या मांडीत प्लास्टिक टोचून घेणाऱ्या सर्जनची गोष्ट

चपलेत खडा गेला की आपण काय करतो? थांबतो, चप्पल झटकतो आणि पुढे चालू लागतो.

आता विचार करा, तो खडा चपलेत नाही, पायातच आहे. काढता येत नाही आणि प्रत्येक पावलाला टोचतो. आमवाताच्या, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या कित्येक जुन्या रुग्णांची ही रोजची कहाणी असते.

हा आजार पायाच्या चवड्यातले सांधे आतून पोखरतो. अंगठा बाजूच्या बोटांवर चढतो. बाकीची बोटं वर उचलली जाऊन वाकडी होतात. त्यांच्या मुळाशी असलेली हाडांची टोकं खाली तळव्यात घुसतात आणि तळव्याखालची मऊ गादी पुढे सरकते. मग माणूस थेट हाडांच्या टोकांवर चालतो. तिथे घट्टे पडतात, भोवऱ्या होतात, कुठलीच चप्पल बसत नाही.

औषधांनी भागलं नाही, तर अशा पायाचं ऑपरेशन करतात. त्यात अंगठ्याच्या मुळाचा सांधा बऱ्याचदा चक्क कायमचा जोडून टाकतात. दोन्ही हाडं तासायची, एकमेकांवर दाबून धरायची आणि त्यांचं एकच हाड होऊ द्यायचं. सांधा हलणं बंद, दुखणंही बंद.

याउलट खुबा झिजला तर डॉक्टर तो जोडत नाहीत. अख्खा सांधा काढून नवा बसवतात. आपल्याकडे वाटी बदलली म्हणतात, तेच हे ऑपरेशन.

एकाच आजारात एका ठिकाणी सांधा जोडायचा आणि दुसऱ्या ठिकाणी बदलायचा, असं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एका माणसानं आयुष्य घालवलं. हाडं दाबून जोडण्याचं शास्त्र त्यानंच पक्कं केलं आणि खुबा बदलण्याचं ऑपरेशनही त्यानंच उभं केलं. मधल्या काळात तो असा काही तोंडघशी पडला, की दुसरा कुणी असता तर पुन्हा उभा राहिला नसता.

त्याचं नाव सर जॉन चार्नली.

२९ ऑगस्ट १९११. इंग्लंडच्या लँकेशायर भागातलं बरी नावाचं गाव. हा सगळा पट्टा कापड गिरण्यांचा. चार्नली यांच्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं, आई नर्स होती. त्यामुळे औषधपाणी घरातच होतं. पण पोराला वेड होतं यंत्रांचं. वस्तू कशी चालते, का बंद पडते, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही.

मँचेस्टरमध्ये त्यांनी डॉक्टरकी केली. १९३५ मध्ये पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, सर्जनांची एफआरसीएस ही अवघड परीक्षा ते पास झाले.

एवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० मध्ये चार्नली सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. डंकर्कहून सैनिकांना परत आणण्याच्या धावपळीत ते होते. नंतर त्यांना इजिप्तमध्ये कैरोला पाठवलं. तिथे हाडं मोडलेल्या सैनिकांची रीघ लागलेली. हवी ती अवजारं मिळत नव्हती, म्हणून हा डॉक्टर सैन्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मेकॅनिक लोकांकडून अवजारं आणि पायाला लावायच्या पट्ट्या बनवून घेऊ लागला.

सर्जन आणि मिस्त्री एकाच टेबलावर बसले की काय होतं, हे त्यांना तिथे कळलं. ही सवय त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पुढे तर त्यांच्या घरीसुद्धा लेथ मशीन होतं.

युद्ध संपल्यावर ते ऑसवेस्ट्रीच्या हाडांच्या हॉस्पिटलमध्ये काम करत होते. हाडाचा तुकडा एका जागेवरून काढून दुसरीकडे लावला तर तो कसा जगतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. प्रयोग कुणावर करायचा? त्यांनी सहकारी डॉक्टरला तयार केलं आणि स्वतःच्याच नडगीवर ऑपरेशन करून घेतलं.

जखमेत जंतुसंसर्ग झाला. हाडात पू झाला. पुन्हा ऑपरेशन करावं लागलं.

हे प्रकरण लक्षात ठेवा, कारण स्वतःच्या अंगावर प्रयोग करायची ही त्यांची शेवटची वेळ नव्हती.

१९४७ मध्ये ते मँचेस्टरच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट झाले आणि त्यांचं पहिलं मोठं काम सुरू झालं, सांधा जोडण्याचं.

तेव्हा पूर्ण खराब झालेला गुडघा जोडून टाकणं हा एक ठरलेला उपाय होता. पण हाडं तासून एकमेकांजवळ ठेवली आणि वर प्लास्टर घातलं, तरी ती जुळायला महिनोन् महिने लागायचे. कधी जुळायचीच नाहीत. चार्नली यांनी हाडांमधून आरपार पिना घातल्या, बाहेरून स्क्रूच्या क्लॅम्पनं त्या आवळल्या आणि दोन्ही हाडं एकमेकांवर घट्ट दाबून धरली. दाबाची कल्पना अगदीच नवी नव्हती. पण हाड किती दिवसांत जुळतं, हे त्यांनी आतला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. अवघ्या चार आठवड्यांत हाड जुळू लागल्याचं दिसलं.

१९४८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९५३ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याआधी, १९५० मध्ये, ऑपरेशनशिवाय फ्रॅक्चर कसं बसवायचं यावरचं त्यांचं पुस्तक आलं होतं. ते हाडांच्या डॉक्टरांनी पुढची कित्येक वर्षं उशाशी ठेवलं.

आज आमवाताच्या पायात अंगठ्याचा सांधा जोडताना डॉक्टर स्क्रू किंवा प्लेट लावून हाडं दाबून धरतात. त्यामागचं तत्त्व हेच. तासलेली हाडं घट्ट दाबली, हलू दिली नाहीत, की ती लवकर एक होतात.

म्हणजे चार्नली यांचं नाव झालं होतं. आयुष्यभर याच कामावर ते आरामात राहू शकले असते. पण गुडघा जोडला तर माणूस पाय ताठ ठेवून का होईना, चालतो. अंगठा जोडला तर बाकीचे सांधे सांभाळून घेतात. खुब्याचं तसं नाही. खुबा जोडला की खाली वाकणं, मांडी घालणं, खुर्चीत नीट बसणं, सगळंच अवघड. आमवातात तर बऱ्याचदा दोन्ही खुबे जातात. दोन्ही जोडले तर माणूस चालणार कसा?

तिथे सांधा हलताच राहायला हवा होता.

पॅरिसच्या ज्युडे बंधूंनी १९४० च्या दशकात मांडीच्या हाडाला अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवायला सुरुवात केली होती. ते ऑपरेशन झालेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. त्याची तक्रार भलतीच होती. त्याचा खुबा करकर वाजायचा. जेवणाच्या टेबलावर तो पुढे वाकला की असा आवाज यायचा, की बायको त्याच्यासोबत एका खोलीत थांबायला तयार नसायची.

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नली विचारात पडले. बिजागरी करकरते तेव्हा तिथे घर्षण असतं. मग आपला जन्मजात सांधा आयुष्यभर का करकरत नाही?

त्यांनी नैसर्गिक सांध्यांचं घर्षण मोजलं. ते बर्फावर सरकणाऱ्या स्केटपेक्षाही कमी निघालं. मग प्लास्टिकचा गोळा हाडावर घासून पाहिला, तर घर्षण कितीतरी पट जास्त. गोळा अडकायचा, हाडातली दांडी हलायची आणि सगळं ढिलं व्हायचं. यावर त्यांनी निष्कर्ष काढला, की नवा सांधा करायचा तर तो आधी घसरडा हवा.

घसरडं प्लास्टिक कोणतं? टेफ्लॉन. होय, तुमच्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच.

त्यांनी तीन गोष्टी एकत्र आणल्या. पहिली, टेफ्लॉनची वाटी. दुसरी, तिच्यात फिरणारा धातूचा गोळा. इतर लोक मोठा गोळा वापरत होते, चार्नली तो लहान करत करत सव्वाबावीस मिलिमीटरवर आले. गोळा लहान असला की तो फिरताना वाटीला कमी ओढतो, म्हणून वाटी जागची कमी हलते. तिसरी गोष्ट आली दातांच्या दवाखान्यातून. कवळ्या बनवायला जे अ‍ॅक्रिलिक वापरतात, त्याचं सिमेंट त्यांनी हाडात भरलं. त्यासाठी मँचेस्टरचे दंतसामग्रीचे तज्ज्ञ डेनिस स्मिथ यांची मदत झाली. हे सिमेंट डिंकासारखं चिकटवत नाही. फरशीखाली माल भरावा तसं ते पोकळी भरतं आणि वजन सगळीकडे सारखं वाटून देतं.

प्रयोगाची जागाही मोठ्या शहरातली नव्हती. विगनजवळचं राइटिंग्टन हॉस्पिटल हे एकेकाळचं टीबी सॅनेटोरियम. टीबीवर औषधं आली आणि खाटा रिकाम्या पडू लागल्या. चार्नली यांनी तिथेच बस्तान बसवलं. पुढे तिथे फक्त खुब्याच्या ऑपरेशनचं केंद्र उभं राहिलं.

आणि ऑपरेशन चाललं, तेही जोरात. वर्षानुवर्षं खुर्चीत अडकलेली माणसं उठून चालायला लागली. दुखणं एका रात्रीत गेलं. मे १९६१ मध्ये चार्नली यांनी लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात हे ऑपरेशन जगासमोर मांडलं.

पण रुग्ण परत येऊ लागले.

टेफ्लॉन घसरडं होतं, पण टिकाऊ नव्हतं. धातूचा गोळा वाटीला कोरत कोरत वर चढत होता. दोन-तीन वर्षांत वाटी पार झिजायची. त्यातून निघालेला प्लास्टिकचा भुगा आजूबाजूला साचायचा, तिथे चीजसारखा घट्ट साका तयार व्हायचा आणि आजूबाजूचं हाडही खाल्लं जायचं. जवळपास तीनशे खुबे असे बसवलेले होते आणि ते एकामागून एक निकामी होत होते.

ही माणसं आधी दुखण्यानं बेजार होती. मग ती आनंदानं चालू लागली. आणि आता पुन्हा तेच दुखणं त्यांच्या वाट्याला आलं होतं, ते चार्नली यांनी बसवलेल्या सांध्यामुळे.

अशा वेळी सर्जन काय करतो? रुग्ण दुसऱ्याकडे पाठवतो, मासिकात गप्प राहतो, किंवा दोष कंपनीवर ढकलतो. चार्नली यांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी रुग्णांना परत बोलावलं आणि स्वतः ऑपरेशन करून एकेक वाटी काढली. आपण किती चुकलो, हे प्रत्येक ऑपरेशनमध्ये त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

प्रश्न होता की हा साका होतो कशानं? टेफ्लॉनचे कण शरीराला खरंच सोसत नाहीत का? उत्तर शोधायला त्यांनी पुन्हा एकदा स्वतःचंच शरीर वापरलं. टेफ्लॉनचे बारीक कण त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. सोबत एका दुसऱ्या प्लास्टिकचेही कण टोचले. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी होत्या आणि त्यांचा आकार टोचलेल्या मालाच्या जवळपास दुप्पट झाला होता. दुसऱ्या प्लास्टिकच्या जागी काहीच लागत नव्हतं.

१९६३ मध्ये त्यांनी हेही लॅन्सेटमध्येच छापलं. ज्या साप्ताहिकात यश सांगितलं, त्याच साप्ताहिकात अपयशही सांगितलं, म्हणजे बाकीचे डॉक्टर तीच चूक करणार नाहीत.

आता ते दुसरं प्लास्टिक कोणतं, त्याची गोष्ट.

मे १९६२ मध्ये एक सेल्समन राइटिंग्टनला आला. कापड गिरण्यांच्या मागांना लागणारे प्लास्टिकचे गिअर तो विकायचा. हा माल होता पॉलिएथिलीनचा, त्यातल्या फार लांब रेणूंच्या चिवट प्रकाराचा. प्रयोगशाळेतले मिस्त्री हॅरी क्रेवन यांनी तुकडा चार्नली यांना दाखवला. टेफ्लॉननं पोळलेल्या चार्नली यांनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि वेळ वाया घालवू नका, असं सांगून ते निघून गेले.

क्रेवन मात्र हटले नाहीत. साहेब बाहेरगावी गेले आणि इकडे यांनी तो तुकडा झिजवून पाहायच्या मशीनला लावला. मशीन रात्रंदिवस चालू ठेवलं. तीन आठवड्यांनी पाहतात तर एवढ्या दिवसांत जी झीज झाली, तेवढी टेफ्लॉनची एका दिवसातही होत होती.

चार्नली परतले, आकडे पाहिले आणि आपण चुकलो हे मान्य केलं. नोव्हेंबर १९६२ मध्ये नव्या प्लास्टिकची पहिली वाटी रुग्णाला बसली.

गिरणगावच्या पोराला उत्तर सापडलं, तेही गिरणीच्या गिअरमध्ये आणि आपल्या मिस्त्रीच्या हट्टामुळे.

आता कुणालाही वाटेल, की त्यांनी लगेच जगभर डंका पिटला असेल. पण तीनशे रुग्णांचा धडा ते विसरले नव्हते. वाटी टिकते की नाही, हे टेफ्लॉनच्या वेळी दोन-तीन वर्षांनीच कळलं होतं. म्हणून या वेळी त्यांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. लीड्सची थॅकरे कंपनी हे सांधे बनवत होती. तिच्याशी चार्नली यांनी ठरवून टाकलं, की राइटिंग्टनला येऊन शिकलेल्या सर्जनलाच हा सांधा विकायचा, बाकी कुणाला नाही. यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. त्यांनी ती मनावर घेतली नाही.

दुसरा शत्रू होता जंतुसंसर्ग. आत परकी वस्तू बसवली की थोडेसे जंतूही घात करतात. सुरुवातीला शंभरातल्या सात-आठ रुग्णांचा सांधा पिकायचा. नडगीत पू झाल्याचा अनुभव चार्नली यांनी स्वतः घेतला होता. त्यांचा संशय हवेवर गेला. एका इंजिनिअरिंग कंपनीला सोबत घेऊन त्यांनी ऑपरेशन थिएटरच्या आत काचेची खोली उभी केली. लोक तिला ग्रीनहाऊस म्हणायचे. गाळलेली हवा वरून खाली सतत वाहती ठेवली. सर्जनना अंतराळवीरासारखे डोक्यापासून झाकणारे पोशाख घातले आणि त्यांचा श्वास नळीनं बाहेर काढला. संसर्गाचं प्रमाण उतरत उतरत शंभरात एकाच्या आसपास आलं. आज सांधे बदलण्याच्या थिएटरमध्ये स्वच्छ हवेचा जो झोत असतो, त्याची सुरुवात ही अशी झाली.

स्वभावानं हा माणूस सोपा नव्हता. कडक, तापट, कामात जराही ढिलाई न खपवणारा. पण रुग्णांचा त्यांच्यावर विलक्षण विश्वास होता. एवढा, की मेल्यावर आमचा सांधा काढून परत घ्या, असं कित्येकांनी कबूल केलं होतं. वीस वर्षं चाललेल्या वाटीत किती झीज झाली, हे दुसऱ्या कुठल्या मार्गानं कळणार होतं? चार्नली यांनी मागितलं आणि लोकांनी दिलं.

सन्मान उशिरा आले, पण आले. १९७४ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचं सदस्यत्व, जे हाडांच्या सर्जनला मिळणं तोपर्यंत ऐकिवात नव्हतं. १९७७ मध्ये सर ही पदवी. १९७९ मध्ये खुब्याच्या ऑपरेशनवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. सत्तर वर्षं पूर्ण झाली होती आणि एकाहत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर होता.

त्यांच्या पद्धतीनं बसवलेले बहुतांश सांधे पंचवीस वर्षांनंतरही चालू असल्याचं पुढच्या अभ्यासांत दिसलं. २००७ मध्ये लॅन्सेटमधल्याच एका लेखानं खुबा बदलण्याला शतकातलं ऑपरेशन ठरवलं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. खुबा बदलतात, मग पायाचा अंगठा का जोडतात?

अंगठ्याचा सांधाही बदलून पाहिला गेला. त्यासाठी सिलिकॉनचे सांधे आले. सुरुवातीला छान वाटलं. पण चालताना अंगठ्यावर मोठा भार येतो. त्यानं बऱ्याच रुग्णांत सिलिकॉन झिजलं, त्याचे कण सुटले, आजूबाजूला सूज आली आणि हाड खाल्लं गेलं. ओळखीचं वाटतंय ना? टेफ्लॉनची गोष्ट पुन्हा एकदा, फक्त पायात.

म्हणून पार बिघडलेल्या अंगठ्यासाठी आजही बरेच सर्जन जोडण्याचाच मार्ग धरतात. अंगठा थोडा वर उचललेला ठेवून जोडतात, त्याचा पुढचा सांधा हलता राहतो आणि माणूस बऱ्यापैकी चालतो. सोबत बाकीच्या बोटांच्या मुळाशी तळव्यात घुसलेली हाडांची टोकं काढतात, म्हणजे तो पायातला खडा जातो. आता आमवातावर चांगली औषधं आली आहेत, त्यामुळे पाय इतका वाकडा होण्याआधीच आजार आवरता येतो. वेळेत डॉक्टरकडे गेलं तर ऑपरेशनची वेळ न येण्याचीही शक्यता असते.

जोडायचं की बदलायचं, हे फॅशनवरून ठरत नाही. सांध्यावर भार किती, तो हलला नाही तर माणसाचं काय अडतं आणि बसवलेली वस्तू दहा वर्षांनी कशी दिसते, यावरून ते ठरतं. यातली शेवटची गोष्ट कळायला वाट पाहावी लागते, आणि वाईट उत्तर आलं तर ते सांगायची तयारी लागते.

घरातली आजी वाटी बदलल्यावर काठी बाजूला ठेवून अंगणात चालते, तेव्हा त्यामागे एका यशस्वी ऑपरेशनइतकेच ते तीनशे निकामी खुबेही असतात. ते लपवले असते, तर पुढची वाटी कधी आलीच नसती.